पुढचा तळ म्हणजे नेमकं काय? दौलत बेग ओल्डी, गलवान १९६२ आणि रसदीचं गणित

नुब्राकाठ (धागाकर्ता)

परवा भाचीने फोनवर विचारलं, "मामा, बातम्यांत सारखं फॉरवर्ड बेस, फॉरवर्ड बेस म्हणतात. म्हणजे सीमेवर बंदूक घेऊन बसलेली माणसंच ना?" मी सैन्याच्या रसद विभागात, ए.एस.सी.त, एकवीस वर्षं काढली. त्यातली तीन लडाखच्या नुब्रा खोऱ्यात. तिला सांगायला लागलो आणि फोनवर ते जमेना, म्हणून इथे लिहितोय. यात जे आहे ते सगळं जुनं आणि छापून आलेलं आहे. आज कुठे किती माणसं आहेत वगैरे मी लिहिणार नाही, कृपया कुणी विचारूही नये.

चौकी वेगळी आणि तळ वेगळा. चौकीत, म्हणजे आमच्या भाषेत पोस्टवर, दहा-वीस-तीस जवान असतात. ते बघतात, अडवतात, वेळ आली तर लढतात. तळ त्यांच्या पाठीमागे असतो आणि त्यांना जगवतो. राशन, रॉकेल, दारूगोळा, डॉक्टर, हेलिपॅड किंवा धावपट्टी, वायरलेस, गाड्यांची दुरुस्ती आणि बदलीची माणसं हे सगळं जिथे असतं तो तळ. त्याला 'पुढचा' म्हणायचं कारण इतकंच, की मूळ छावणी फार लांब पडते.

लांब म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत. पुण्याहून निघालेला जवान विमानाने एका दिवसात लेहला उतरतो, पण त्या दिवशी तो लढायच्या कामाचा नसतो. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारांवर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस, अशी शरीराला हवेची सवय लावावी लागते. एकूण चौदा दिवस झाले. समोरचा माणूस चौदा दिवस थांबत नाही. सवय झालेली माणसं आधीच पुढे असणं हे तळाचं पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं.

दुसरं काम साठवणीचं. आमच्या वेळी झोजी ला, म्हणजे लडाखच्या वाटेवरची खिंड ('ला' म्हणजे खिंड), नोव्हेंबरात बंद व्हायची ती मेच्या आसपास उघडायची. मधल्या महिन्यांचं सगळं उन्हाळ्यातच वर चढवून ठेवायचं. यात लोकांना धान्य आठवतं, पण खरा हिशेब रॉकेलचा असतो. साडेसोळा हजार फुटांवर पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं, डाळ प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही. हिवाळ्यात पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. म्हणजे रॉकेल संपलं की नुसती बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) विझत नाही, प्यायचं पाणीसुद्धा संपतं. आमचे एक सुभेदारसाहेब नव्या पोरांना जेरीकॅन दाखवून विचारायचे, "यात काय आहे?" पोरगं म्हणायचं रॉकेल. साहेब म्हणायचे, "पाणी आहे. सांडू नकोस."

आता लडाखच्या उत्तर टोकाचं दौलत बेग ओल्डी. उंची सुमारे १६,६०० फूट. लेह ते यारकंद या जुन्या व्यापारी वाटेवरचा हा मुक्काम, पलीकडे काराकोरम खिंड. झाड नाही, झुडूप नाही, वारा मात्र बारा महिने. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथल्या कच्च्या पट्टीवर पॅकेट हे मालवाहू विमान उतरवलं. इतक्या उंचीवर तोवर कुणी तसलं विमान उतरवलं नव्हतं. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पंखांना उचल कमी मिळते, म्हणून पॅकेटच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवलेलं असायचं. काही वर्षं विमानं येत राहिली, मग १९६६ च्या सुमारास भूकंपाने जमीन सैल झाली आणि पट्टी बंद पडली. नंतरची चार दशकं तिथे विमान उतरलं नाही. ३१ मे २००८ ला एएन-३२ हे मालवाहू विमान उतरलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्याहून मोठं सी-१३०जे, म्हणजे हर्क्युलस. टीव्हीवर त्या दिवशी विक्रमाची चर्चा होती. मी मात्र हर्क्युलसमधून एका खेपेत किती टन उतरेल याचा हिशेब मांडत बसलो होतो.

तळ नसताना चौकी पुढे नेली की काय होतं, हेही लिहायला हवं. नोव्हेंबर १९६१ पासून लडाखमध्ये छोट्या छोट्या चौक्या पुढे सरकवायचं धोरण आलं. नकाशावर टाचण्या वाढल्या. जुलै १९६२ मध्ये गुरख्यांनी गलवान खोऱ्यात चौकी उभी केली आणि काही दिवसांत चिन्यांनी तिला चारी बाजूंनी वेढलं. त्यानंतर तीन महिने ती चौकी हवेतून येणाऱ्या रसदीवर टिकली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने ५ जाट पलटणीची माणसं नेऊन गुरख्यांना बाहेर काढलं, कारण जमिनीवरून बदली करायला वाटच उरली नव्हती. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि चौकीतले सुमारे निम्मे जवान मारले गेले. ते शेवटपर्यंत लढले. त्यांच्या पाठीशी काय होतं, हा प्रश्न मात्र मला नोकरीत असताना रोज पडायचा, अजूनही पडतो.

वैशाली_ब

काका, लेख दोनदा वाचला. माझा धाकटा भाऊ पायदळात आहे, गेल्या महिन्यात वर गेला. कुठे ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. तुमचे ते चौदा दिवस वाचून उलगडलं, की पहिले दोन आठवडे तो फोनवर नुसतं "आराम चाललाय" का म्हणत होता. आईला वाटत होतं की आजारी आहे आणि लपवतोय.

एक विचारते. वर कुणी आजारी पडलं तर खाली आणायला किती वेळ लागतो?

नुब्राकाठ

वैशालीताई, तो खरंच आराम असतो आणि तो हुकूम असतो. आईंना सांगा.

उंचीवरचा सगळ्यात वाईट आजार म्हणजे फुफ्फुसात पाणी होणं. धडधाकट, पळणाऱ्या पोरालाही होतो. त्यावर खरा उपाय एकच, माणसाला खाली उतरवणं. हेलिकॉप्टर आलं तर काही मिनिटांचं काम असतं. हवा बिघडलेली असेल तर मात्र थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात माणूस जगवायचा असतो. म्हणून पुढच्या तळावर डॉक्टर, ऑक्सिजन आणि हवेने फुगवायची एक बंद पिशवी असते. माणसाला तिच्यात झोपवून हवा भरली की आतला दाब वाढतो, शरीराला वाटतं आपण काही हजार फूट खाली आलो. तेवढ्यावर हेलिकॉप्टर येईपर्यंत निभतं. मी स्वतः एका रात्री ती पिशवी पायाने पंप केली आहे, पाळीपाळीने आम्ही चौघे. सकाळी तो पोरगा चहा मागत होता.

दप्तरखाना

उत्तम धागा. रसद म्हटल्यावर मराठी माणसाला पानिपत आठवणारच. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी यमुनाकाठचं कुंजपुरा घेतलं, कारण तिथे अब्दालीचा धान्यसाठा होता. त्या काळाच्या मानाने तो त्याचा पुढचा तळच. तो आपल्या हाती आला आणि फौज काही दिवस पोटभर जेवली. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि आपल्या व दिल्लीच्या मधे येऊन बसला. दुआबातून त्याची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, मग राहिलेली आशाही गेली. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती उपाशी पोटी.

धागाकर्त्यांच्या शब्दांत सांगायचं तर तळ मिळाला होता, पण त्याच्याशी जोडणारी वाट गेली होती.

कातळकाम

मी रस्त्यांच्या कामातला माणूस आहे, सैन्यातला नाही. विमानाबद्दल सगळे बोलतात, म्हणून रस्त्याबद्दल लिहितो. दर्बुक ते श्योक ते दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ मध्ये पुरा झाला, त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो 'होतच' होता. कारण श्योक नदी. हिवाळ्यात ती गोठून गप्प असते, तेव्हा पात्राच्या कडेने रस्ता काढणं सोपं दिसतं. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळला की तीच नदी सगळं पात्र व्यापते आणि कडेचा रस्ता घेऊन जाते. म्हणून मोठा भाग उचलून वरच्या अंगाने नव्याने बांधावा लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये श्योकवरचा कर्नल चेवांग रिंचेन पूल खुला झाला, १४ हजार फुटांच्या वर, सुमारे ४०० मीटर लांब.

तिथे काँक्रीट ओतायला दिवसातले किती तास मिळतात याची कल्पना करा. ओतलेलं पाणी सिमेंटशी जुळण्याआधी गोठलं तर आतून भुगा होतो. वरून मात्र चांगलं दिसतं, आणि हीच त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट.

सरळरेघ

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आपण तळ पुढे नेला की समोरचाही नेतो. एप्रिल २०१३ मध्ये दौलत बेग ओल्डीजवळ देपसांगला चिनी तुकडीने तंबू ठोकले, तीन आठवडे दोन्ही सैन्यं समोरासमोर बसली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी आपण हर्क्युलस उतरवलं. मग त्यांनी त्यांच्या बाजूला रस्ते वाढवले. २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. प्रत्येक पावलामागे कारण असतं हे मान्य, पण पावलं मोजली तर दोघेही एकमेकांच्या दिशेनेच चालत आलो आहोत. त्या उजाड जागेवर माणूस ठेवण्याचा खर्च आणि धोका, दोन्हींचा हिशेब कुणीतरी मांडायला नको का?

नुब्राकाठ

सरळरेघ, राग कसला. हा प्रश्न लंगरमध्येही (सैन्याच्या स्वयंपाकघरात) निघायचा आणि जवानच काढायचे.

माझं म्हणणं असं. सीमा कुठे आहे, तिथे बसायचं की नाही, हे दिल्लीत ठरतं आणि तिथेच ठरावं. एकदा माणूस तिथे पाठवायचा ठरलं, की मात्र त्याच्या पाठीमागे तळ हवाच. तळ नको असेल तर चौकीही नको. १९६२ ला आपण नेमकं उलट केलं, चौकी ठेवली आणि तळ विसरलो. पूर्वेकडे, आजच्या अरुणाचलात, नामका चू नदीवर ७ ब्रिगेड पाठवली तेव्हा गाडीरस्ता तवांगपर्यंतच होता, पुढे दिवसचे दिवस पायी. जवळच्या त्सांगधरला विमानातून टाकलेल्या मालातला कितीतरी दऱ्यांत आणि जंगलात गेला. जवानांच्या अंगावर सुती कपडे होते. २० ऑक्टोबरच्या सकाळी चिनी हल्ल्यात जे झालं ते झालं, आणि दोन दिवसांनी ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले.

त्याच युद्धात लडाखमधलं चुशूल बघा. तिथे धावपट्टी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस एएन-१२ विमानांनी त्या पट्टीवर एएमएक्स-१३ रणगाडे उतरवले. रणगाडे, १४ हजार फुटांवर! तोफाही पोहोचल्या. मात्र तळाची पोच कुठे संपते हेही तिथेच दिसलं. मधे डोंगराची धार आल्यामुळे त्या तोफांचा आधार जवळच्या रेझांग लावरच्या १३ कुमाऊं पलटणीच्या कंपनीला मिळाला नाही. १८ नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग आणि त्यांचे शंभराहून अधिक जवान तिथेच पडले. तळ पाठीशी होता, जवळ होता, आणि तरी त्या एका धारेमुळे नव्हता.

मेकाँगकाठी

याच धारेच्या मुद्द्यावरून दिएन बिएन फूबद्दल लिहावंसं वाटतं. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांनी व्हिएतनामच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका दरीत छत्रीधारी सैनिक उतरवून तळ उभा केला. लाओसची वाट अडवायची आणि फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्ह फौजेला मोकळ्यात लढायला खेचून आणायचं, असा दुहेरी हेतू. हनोई सुमारे ३०० किलोमीटर लांब, मधे जंगल, सगळी रसद विमानाने. आधीच्या वर्षी ना सानला असाच तळ टिकला होता, त्यामुळे त्यांना खात्री वाटत होती. पण ना सानला भोवतालच्या टेकड्या फ्रेंचांच्या हातात होत्या, इथे नव्हत्या. हा फरक ज्यांनी बघायला हवा होता त्यांनी बघितला नाही.

व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल जियाप यांच्या माणसांनी तोफा सुट्या करून, दोरांनी ओढत डोंगरांवर चढवल्या आणि डोंगरातच खणून लपवल्या. सायकलींवर तांदूळ आणला. १३ मार्च १९५४ ला मारा सुरू झाला, त्याच रात्री बेआट्रिस हा मोर्चा पडला. शत्रूच्या तोफा आपण गप्प करू असं सांगणाऱ्या फ्रेंच तोफखान्याच्या प्रमुखाने, पिरोतने, पुढच्या काही दिवसांत स्वतःला संपवलं. मार्च संपेपर्यंत धावपट्टी निकामी झाली. जखमींना बाहेर काढणं थांबलं. ७ मेला तळ पडला आणि दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचीनवरची चर्चा सुरू झाली.

हा तळ ज्या दिवशी पट्टी गेली त्याच दिवशी पडला असं मी मानतो. पुढचे पाच-सहा आठवडे माणसं लढली, त्यांची हिंमत मोठी होती, पण तळ म्हणून तिथे काही उरलं नव्हतं.

कोलोरॅडोकर

मी कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहतो, इथे फोर्ट कार्सन ही मोठी छावणी आहे. ऑफिसातला एक सहकारी अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलाय. त्याच्याकडून कळलं की तिथे मोठ्या तळावरचं जगणं आणि टोकाच्या ठाण्यावरचं जगणं यात जमीनअस्मानाचं अंतर होतं. मोठ्या तळावर गरम जेवण, व्यायामशाळा, घरी बोलायला इंटरनेट. टोकाच्या ठाण्यावर हेस्कोच्या मातीभरल्या पिंजऱ्यांच्या भिंती आणि दोन डोंगरांमधली आभाळाची पट्टी.

नूरिस्तानमधलं कीटिंग हे ठाणं इथल्या लोकांना विसरता येत नाही, कारण तिथे फोर्ट कार्सनचीच माणसं होती. ते २००६ मध्ये नदीकाठी, गावाजवळ बांधलं. उद्देश चांगला होता. गावकऱ्यांशी संबंध जोडायचा तर त्यांच्याजवळ राहायला हवं, रस्त्याने सामान यायचं तर रस्त्यालगत हवं. पण गाव आणि रस्ता दोन्ही दरीच्या तळाशी, आणि भोवती उभे डोंगर. ३ ऑक्टोबर २००९ च्या पहाटे सुमारे ३०० तालिबान त्या डोंगरांवरून तुटून पडले. आत अमेरिकन पन्नासच्या आसपास. आठ ठार झाले. ते ठाणं बंद करायचं आधीच ठरलेलं होतं, नुसतं आवरायचं राहिलं होतं. लढाईनंतर काही दिवसांत ते सोडलं आणि त्यांच्याच विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले.

सहकारी त्याबद्दल फार बोलत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रजा घेतो. मीही विचारत नाही.

एटापल्लीकर

लष्करी नाही, पण जवळचंच म्हणून लिहितो. गडचिरोलीत आमच्याकडे पोलीस मदत केंद्रं हेच काम करतात. वांगेतुरीचं केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात उभं राहिलं, गर्देवाड्याचं जानेवारी २०२४ मध्ये. एका दिवसात म्हणजे अक्षरशः एका दिवसात. शेकडो जवान, जेसीबी, ट्रेलर, पोर्टा केबिन, गोळी अडवणाऱ्या मॅक वॉल. संध्याकाळी जिथे रान होतं तिथे दुसऱ्या संध्याकाळी दिवे. रात्रीत अर्धवट काही ठेवायचं नाही, कारण अर्धवट केंद्रावरच हल्ला होतो.

१ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी एस.टी. सुरू झाली. त्या भागातल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गावात लाल गाडी बघितली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी दवाखान्यात जायचं नाही म्हणाली, पण गाडीत बसायचं म्हणून गेली. गोळ्या घेऊन आली. मला तळाचा उद्देश विचाराल तर मी हा सांगेन, पण तो गाडी सुरू राहिली तरच. नुसती भिंत आणि बंदूक आली असती तर गावाने दार लावून घेतलं असतं.

माणदेशी_शाळा

मी माण तालुक्यात शिकवते. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला आणि १९ मद्रासचे दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, सगळ्या देशाने प्रार्थना केली, ११ तारखेला ते गेले. त्या दहांतला एक आमच्या तालुक्याचा होता. आमच्याकडे पाऊस नाही म्हणून पोरं फौजेत जातात, आणि पावसाचं तोंड न बघितलेलं पोर बर्फाखाली गेलं, असं त्या दिवशी पारावर एक आजोबा म्हणाले. शाळेत मुलांनी नकाशा काढायला सांगितला. मी फळ्यावर काढला, पण सियाचीन कुठे खूण करायची तेच हाताला सुचेना.

नुब्राकाठ, एवढं सगळं करूनही वर माणूस जातोच, याचं तुम्ही काय केलंत, म्हणजे मनात?

नुब्राकाठ

ताई, याचं उत्तर मला नीट देता येणार नाही.

सियाचीनला १३ एप्रिल १९८४ ला आपली माणसं हेलिकॉप्टरने बिलाफोंड लावर उतरली, तेव्हापासून तिथे गोळीपेक्षा थंडी आणि हिमकडे यांनी जास्त माणसं नेली. बेस कॅम्प हिमनदीच्या तोंडाशी, सुमारे १२ हजार फुटांवर, आणि चौक्या २० हजारांच्या वर. सगळ्यात वरच्या चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर एका खेपेत एखाद-दोन जेरीकॅनच नेऊ शकायचं. एका जेरीकॅनसाठी दोन वैमानिक जीव मुठीत घेऊन जायचे आणि काही सेकंदांत वळून यायचे. आम्ही खाली माल बांधायचो. प्रत्येक खोक्यावर वजन लिहायचो, किलोच नव्हे, ग्रॅमसुद्धा. चूक झाली तर ती वैमानिकाच्या माथी येणार होती. माझ्या हातात तेवढंच होतं, ते मी चोख केलं. रात्री झोप लागायची ती त्यामुळे. काही रात्री तरीही लागायची नाही.

सरळरेघ

"तळ नको असेल तर चौकीही नको" हे पटलं. मूळ शंका अजून आहे, पण प्रश्न कुणाला विचारायचा हे कळलं.

वैशाली_ब

काका, काल भावाचा फोन आला. तिसरा टप्पा झाला म्हणाला, आता पुढे जाणार. मी त्याला विचारलं, रॉकेल सांडत नाहीस ना? तो हसला आणि म्हणाला, हे तुला कुणी सांगितलं.

आई डिंकाचे लाडू करतेय. पार्सल ५६ ए.पी.ओ.ला, म्हणजे सैन्याच्या टपालात, टाकायचं आहे. टिकतील ना?

नुब्राकाठ

टिकतात, महिना-दीड महिना काही होत नाही. फक्त आईंना सांगा, लहान वळा, सुपारीपेक्षा थोडे मोठे, बस. मोठा लाडू तिथे दगडासारखा होतो, दाताने तुटत नाही, आणि मग पोरं बुखारीवर ठेवायला जातात आणि डिंक जळतो. पत्र्याचा डबा नको, प्लॅस्टिकची बरणी, वरून कापड शिवून. आणि भावाच्या एकट्यापुरते पाठवू नका. बंकरमध्ये डबा उघडला की तो सगळ्यांचा होतो.